उसना आवाज

९ मार्च

रेकॉर्डिंग झालं एकदाचं. आमच्याकडच्या, वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीतला यंदाचा देखावा गडाच्या बांधकामाचा. संवाद मी लिहिले, आवाज दस्तूचा. रोजे चालू आहेत म्हणून स्टुडिओवाल्याकडून सातनंतरची वेळ मागून घेतली होती. दस्तूनं शिलाईच्या दुकानातच खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायला, शटर ओढलं आणि माझ्या स्कूटरवर बसला. दिवसभराचा उपास, घसा कोरडा पडेल म्हणून मी धास्तावलो होतो. गड्यानं एका दमात सगळं म्हटलं. 'ज्याचा हात लागला, त्याचा हा गड' या वाक्याला काचेपलीकडून स्टुडिओवाल्यानं मान डोलावली. वाक्य माझं आहे. पण तेच मी म्हटलं तर हजेरी घेतल्यासारखं वाटतं, हेही खरं.

परतताना मागून म्हणाला, "मास्तर, यंदा तुजा आवाज झकास लागलाय." दर वर्षीचा विनोद. दोघंही हसलो.

१० मार्च

कालचं वाचून पाहिलं. विनोद कसला.

अकरा वर्षं झाली. त्या वर्षी नेमका रेकॉर्डिंगच्या दिवशी माझा घसा बसला. दस्तू मावळ्यांचे अंगरखे दाखवायला स्टुडिओत आला होता. मी कागद त्याच्या हातात दिला. एका बाकावर बसून शिकलेलो आम्ही. शाळेत कविता तो म्हणायचा, गुरुजींची शाबासकी दोघांना मिळायची. मिरवणुकीत ट्रकवर महाराज झालेल्या पोरानं नुसते ओठ हलवले, आवाज कर्ण्यातून आला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी हात जोडले. चौकात कुणीतरी मला म्हणालं, "सर, काय आवाज लावलासा!" माझा नव्हे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. दस्तू ट्रकवर तोफेजवळ उभा होता, गोलंदाजाच्या वेषात. त्यानंच वरून डोळा मारला. नंतर म्हणाला, "असू दे रं. आवाजाला काय नाव असतंय."

मग राहिलं ते राहिलंच. स्टुडिओवाल्याला ठाऊक आहे, पण त्याला त्याचं काही पडलेलं नाही. गल्लीच्या लेखी महाराजांचा आवाज म्हणजे सर. आणि आमचा दस्तू, दस्तगीर, म्हणजे कपडे शिवणारा आणि तोफेला बत्ती देणारा.

२ एप्रिल

दस्तूकडून ईदचा डबा आला. सौ.नं दोन वाट्या शीरखुर्मा एकटीनं खाल्ला, साखरेचं पथ्य गुंडाळून ठेवून. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून शेंगदाण्याचे लाडू भरले.

गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष यंदा अमोल. माझाच विद्यार्थी, नववी ब. फौंड्रीत सुपरवायझर झालाय. गुणी पोरगा, अजून माझ्यासमोर खुर्चीत बसत नाही. बरं वाटलं.

६ एप्रिल

मंडळाची बैठक. मारुतीच्या देवळामागची खोली, पंखा बंद.

अमोल म्हणाला, कपडे यंदा कोल्हापूरहून भाड्यानं आणायचे. मी विचारलं, आणि दस्तगीर?

"तेच्याशी आमचं काय वैर न्हाय, सर. चांगलाच माणूस हाय. पण वातावरण तुम्ही बघतायसा. दुसऱ्या गल्लीची पोरं इचारत्यात, तुमच्या ट्रकवर त्यो कोण असतोय म्हणून. परवा गेल्या वर्षीचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला, त्याच्या तोंडाभोवती लाल गोल करून. उगंच शोभा नको."

"मग तोफेवर कोण?"

"तोफच काढून टाकूया, सर."

हे सगळं इतक्या अदबीनं, की रागवायला जागा सापडेना. वीसएक पोरं माझ्याकडे बघत होती. वयानं मीच मोठा, मी बोलेन असं त्यांना वाटलं असणार. मी म्हणालो, "तुमचं तुम्ही ठरवा."

हेच शब्द. लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभरानं मला काहीतरी वेगळं आठवेल.

निघताना अमोल म्हणाला, "सर, त्याला तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतोय त्यो."

७ एप्रिल

गेलो. दस्तूनं अंगरखे बेतायला घेतले होते. नऊ. कापड मंडळानं फेब्रुवारीतच आणून टाकलेलं. खडूची रेघ अर्धी कापून झाली होती. मी सांगायला लागलो तरी कात्री थांबली नाही, रेघ संपेपर्यंत चालली.

"कुणी ठरवलं?"

"मंडळानं."

"तू हुतास?"

"होतो."

"काय बोल्लास?"

मी बाहेर रस्त्याकडे बघितलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. कात्री ठेवली, चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"कपड्याचं ऱ्हाऊ दे. तोफेचंबी ऱ्हाऊ दे, गुडघं दुखत्यातच. एक काम कर मास्तर. त्यो आवाज कुणाचा हाय, एवढं त्या पोरांस्नी सांग. तुज्या तोंडानं सांग. मग म्हणू देत काढा, आनी काढू देत."

"सांगतो," म्हणालो.

अकरा वर्षांत त्यानं मागितलेली ही पहिली गोष्ट.

११ एप्रिल

नाही सांगितलं. अमोल दोनदा भेटला. एकदा दूध आणताना, एकदा बँकेत. रस्त्यात सांगायची गोष्ट नव्हे ती.

१३ एप्रिल

जिल्हाधिकारी कचेरीत द्यायचं निवेदन लिहून दिलं. सीमेवरच्या आम्हा मराठी लोकांना सरकारी कागद कन्नडसोबत मराठीतूनही मिळावेत म्हणून दर वर्षी देतो तेच. अमोल म्हणाला, "सर, यंदा जरा काळजाला भिडेल असं लिवा." लिहिलं. 'आम्ही पिढ्यानपिढ्या इथेच राहतो. इथेच जन्मलो, इथेच मरणार. संख्येनं थोडे म्हणून आम्हाला परके समजू नये. आमचा वाटा आम्हाला सन्मानाने मिळावा.'

पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन कच्चा कागद पुन्हा वाचला. यातलं प्रत्येक वाक्य दस्तूच्या तोंडी शोभलं असतं. आणि त्यानं लिहून आणलं असतं तर मी ऱ्हस्व-दीर्घ तपासून त्याला परत दिलं असतं. लाज वाटली. तरीही जेवलो, झोप लागली.

१६ एप्रिल

सौ.ला सांगून टाकलं. भाजी निवडत होती. म्हणाली, मला ठाऊक आहे.

"कधीपासून?"

"पयल्या वर्षापासनं. एकतीस वर्षं ऐकतेय तुमचा आवाज. महाराजांनी तुमच्यासारखं बोलाय घेतलं असतं तर मावळे घरला गेले असते."

मग मान वर न करता, "तुम्ही आपल्या तोंडानं सांगाल म्हणून वाट बघत हुते मी. अकरा वर्षं."



२२ एप्रिल

तालीम. ट्रकवर प्लायवूडचा बुरूज उभा राहिलाय. महाराज झालाय विनायक, अमोलचा चुलतभाऊ. दाढी चांगली वाढवलीय, ओठ मात्र मागेपुढे होतात. टेप लावली. दस्तूचा आवाज त्या पत्र्याच्या शेडमध्ये असा भरला की मिस्त्रीनं हातोडा खाली ठेवला.

अमोल जवळ आला, डोळ्यांत पाणी. "सर, काटा येतोय अंगावर."

मी म्हणालो, "अमोल, हा आवाज..."

एवढ्यात तो वाकून पाया पडला. त्याच्या मागं विनायक. मग रांगच लागली. वाकलेल्या पाठीवर हात ठेवायचा असतो, तो ठेवला. वाक्य तिथंच राहिलं.

भीती कसली आहे ते स्वतःशी तरी कबूल करावं. मारतील? छे. सांगितलं तर आवाज बदलतील, ऐन वेळी गोंधळ होईल, मंडळाचं नाव जाईल. ही सगळी कारणं मी अमोलसाठी जमवून ठेवलीत. खरं कारण एवढंच, की चौकातून जाताना 'सर' म्हणून माना वळतात. निवृत्त मास्तराकडे दुसरं काय असतं?

२६ एप्रिल

दस्तूच्या दुकानावरून जायचं टाळतो. मागच्या बोळातून बाजार गाठतो. पाव किलोमीटर लांब पडतं, आणि बोळात कुत्री आहेत.

१ मे

मिरवणूक. गल्लीतून ट्रक सातला निघाला. भंडारा, ढोल, फेटे, खिडक्याखिडक्यांतून मोबाईल. मी पुढं, अमोलनं बांधलेला फेटा डोक्यावर.

गल्लीच्या तोंडाशी ट्रक नेहमीसारखा थांबला. तिथं पहिला प्रयोग होतो. समोर दस्तूचं दुकान, शटर खाली. तो पलीकडं पानपट्टीच्या फळीला टेकून उभा होता. पांढरा शर्ट, केस विंचरलेले, कुठल्या तरी लग्नाला निघाल्यासारखा. टेप सुरू झाली. बायकांनी हात जोडले. पानपट्टीवाल्यानंही जोडले, चुना लावलेल्या बोटांनी.

दस्तूचे ओठ हलत होते. एकेक शब्द बरोबर. वर विनायक अर्धा शब्द मागं पडला होता, खाली दस्तू नेमका. दोघांत चार हातांचं अंतर. गर्दी सगळी वर बघत होती. 'ज्याचा हात लागला, त्याचा हा गड' झालं आणि फुलं उधळली. त्यातली काही त्याच्या खांद्यावर पडली. त्यानं ती झाडली नाहीत.

माझ्याकडे बघितलं त्यानं. राग असता तर बरं झालं असतं. मास्तर आता बोलेल, याची वाट पाहिल्यासारखा बघत होता.

ढोल वाजायला लागला. मी चौकापर्यंत गेलो आणि पाय दुखतात सांगून घरी आलो.

३ मे

अमोलचा फोन. चित्ररथांच्या स्पर्धेत आपल्याला दुसरा क्रमांक. आणि यंदा पहिल्यांदाच आवाजाला वेगळं बक्षीस ठेवलं होतं, ते आपल्याला. "म्हंजे तुम्हाला, सर."

८ मे

बक्षीस समारंभ. मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून गेलो. सौ. आली नाही. म्हणाली, डोकं दुखतंय.

नाव पुकारलं. उठलो. न उठायला फक्त बसून राहायचं होतं. ट्रॉफी हातात आली. सूत्रसंचालकानं माईक पुढं केला, "सर, दोन वाक्यं होऊन जाऊ देत, महाराजांच्या आवाजात." मी मफलरला हात लावून मान हलवली. सगळे प्रेमानं हसले. शेवटच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "घसा जपा सर, पुढल्या वर्षी लागणार हाय!"

ट्रॉफीवर माझं पूर्ण नाव कोरलंय, वडिलांच्या नावासकट. वडील नाकासमोर चालणारे होते. त्यांना उगाच यात ओढलं.

९ मे

ट्रॉफी काचेच्या कपाटात ठेवायला गेलो तर सौ.नं कपाटाला कुलूप लावलेलं. किल्ली कुठाय विचारलं तर सापडत नाही म्हणाली. ट्रॉफी तांदळाच्या डब्यावर ठेवली आहे.

१८ मे

दुकानासमोर टेम्पो उभा. शिलाईची दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल, मापाचा आरसा. दस्तू निपाणीला चाललाय, पोराकडे. पोराचं तिथं रेडिमेडचं दुकान आहे.

"मालकानं काढलं काय?"

"न्हाय रं. मालक 'ऱ्हावा' म्हणतोय. मनच लागंना."

"इथं पन्नास वर्षं..."

"बावन्न," म्हणाला.

त्याची बायको चालकाशेजारी बसली होती. मला बघून तिनं पदर सारखा केला आणि तोंड फिरवलं. या बाईच्या हातचं मी लहानपणच्या दोस्ताचं घर म्हणून हक्कानं मागून खाल्लंय.

दस्तूनं एक गाठोडं माझ्या हातात दिलं. "मंडळाचं कापड हाय. माज्याकडं नको."

घरी सोडून बघितलं. नऊ अंगरखे. शिवून, काजं-बटणं करून, इस्त्री मारून. प्रत्येकाच्या आत मापाची चिठ्ठी टाचलेली. एकावर विनायकचं नाव.

रडलो. सौ. समोर होती, तरी रडलो.

२० मे

अंगरखे अमोलला नेऊन दिले. उलटसुलट करून बघितले त्यानं. "लई भारी शिवल्यात, सर. पुढल्या वर्षी हेच वापरूया की. भाड्याचे कपडे काखंत फाटले."

"आणि शिवणारा?"

"गेला नव्हं निपाणीला? बरं झालं, त्यालाबी सुखाचं."

तो मनापासून बोलत होता. तेच जास्त लागलं. याला मी नववीत वर्षभर मराठी शिकवलंय.

३ जून

अमोल घरी आला, पेढे घेऊन. गणपतीतही महाराजांचाच प्रसंग करायचा ठरलाय. या वेळी रेकॉर्डिंगला सगळं मंडळ येणार, व्हिडिओ काढणार. "आवाज कसा लावतायसा ते लोकांस्नी दाखवायचंय, सर. मोबाईलवर लई चालंल."

सौ. चहा घेऊन आली. कप माझ्यासमोर ठेवला आणि तिथंच उभी राहिली, कधी नव्हे ती. मी अमोलला म्हणालो, बघू. अमोल गेल्यावर ती कप उचलून आत गेली. मी चहा प्यायलोच नव्हतो.

८ जून

न्हाणीघरात दार लावून तो आवाज काढून बघितला. नळ सोडून. पाच-सहा वेळा. सौ.नं दार वाजवलं.

"बाहेर या. शेजारीण इचारतेय, कोण कण्हतंय म्हणून."

या घरात सध्या तेवढाच विनोद. तोही तिला हसू न येता.

१४ जून

निपाणीला जाऊन आलो. ट्रॉफी पिशवीत घेतली होती, वर टॉवेल टाकून. माफी मागायला निघालोय की आवाज मागायला, हे वाटेत संकेश्वर येईपर्यंत ठरेना. दोन्हींची वाक्यं मनात तयार केली होती. मास्तर माणूस, पाठांतर पक्कं.

दस्तूचं घर दुकानाच्या वर. त्यानं 'ये' म्हटलं, खुर्ची दिली. सूनबाईनं चहा आणला. सहा-सात वर्षांची नात जमिनीवर बसून पाढे लिहीत होती, कन्नड शाळेची वही. हालहवाल झाली. गुडघे, पाऊस, कुणाकुणाची लग्नं. मी पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. आणि तोंडातून आधी बाहेर पडलं ते हे, "गणपतीला रेकॉर्डिंग आहे."

माफी नाही. हे.

दस्तूनं चहाची बशी खाली ठेवली.

"सांगितलंस?"

"नाही अजून."

"हं."

मग मी ट्रॉफी काढून त्याच्यासमोर ठेवली. "ही तुझी," म्हणालो. त्यानं चष्मा लावला, ती हातात घेतली, उजेडाकडे धरली. आणि वाचली. त्याच आवाजात. उत्कृष्ट आवाज, पुढं माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सावकाश, एकेक अक्षर तोलून, महाराज दरबारात कुणाला पुकारत असावेत तसं. माझं नाव इतकं मोठं मी कधी ऐकलं नव्हतं. नातीनं पेन्सिल खाली ठेवली आणि उभीच राहिली. आतून सूनबाई डोकावली.

मला जमिनीनं गिळलं असतं तर हरकत नव्हती.

त्यानं ट्रॉफी परत पिशवीत ठेवली, वर टॉवेल नीट घातला, जसं मी घातलं होतं तसं. साध्या आवाजात म्हणाला, "तुजं नाव हाय हिच्यावर. मी घरात ठेवून काय करू? आनी हितं दिऊन काय उपेग मास्तर, मला तर ठावंच हाय. ज्यांस्नी न्हाय, त्यांच्याकडं ने."

मग घड्याळाकडे बघून, "साडेचारची बस चुकंल तुजी."

जिन्यापर्यंत आला. 'येतो' म्हणालो. 'ये' म्हणाला नाही, 'जपून' म्हणाला.

बसमध्ये पिशवी मांडीवरच. शेजारच्या बाईनं विचारलं, देव हाय का काय आत? नाही म्हणालो.

घरी आल्यावर सौ.नं पिशवी उघडून बघितली, बंद केली. उद्या सातला मंडळाची बैठक आहे. अमोलचा निरोप आलाय, पुढची खुर्ची तुमच्यासाठी ठेवतोय. ट्रॉफी घेऊन या, फोटो काढायचाय.

सौ. विचारते, "काय सांगनार उद्या?"

तिला उत्तर द्यायला गेलो तर शब्द फुटेना. घसा बसलाय. या वेळी खराच. ती गरम पाणी, मीठ ठेवून गेली आहे.